पाणाड्याच्या नावाचा चोर

तेव्हा गादीवर कोणता राजा होता हे आज कुणालाच सांगता येणार नाही, इतकी जुनी ही गोष्ट आहे. डोंगरांच्या पलीकडे एक कोरडा मुलूख होता. पाऊस तिथं पाहुण्यासारखा यायचा आणि पाहुण्यासारखाच घाईनं निघून जायचा. म्हणून त्या मुलखात सोनारापेक्षा पाणाड्याला मान जास्त. पाणाड्या म्हणजे जमिनीच्या पोटातलं पाणी ओळखणारा माणूस.

अशा पाणाड्यांत सुभानाचं नाव सगळ्यांत मोठं. तो अनवाणी पायांनी माळ तुडवायचा. वारूळ कुठं आहे, उंबर आपसूक कुठं उगवलाय, कुठली हरळी भर उन्हाळ्यातही हिरवी राहते, हे बघत बघत एका जागी थांबायचा आणि म्हणायचा, "इथं खणा." लोक खणायचे आणि पाणी लागायचं. पाणी लागेपर्यंत तो त्या गावाकडून काही घेत नसे. भाकरीसुद्धा घरून बांधून न्यायचा.

पण एकदा विहीर झाली की त्या गावाला पाणाड्याची गरज उरत नाही. त्यामुळं सुभानाचं नाव मुलूखभर ठाऊक होतं, चेहरा मात्र थोड्याच लोकांना.

आता तो म्हातारा झाला होता. गुडघे धरले होते. घरी शेती बघणारा मुलगा राणू होता आणि सून येसू होती. ही गोष्ट खरं तर या येसूची आहे.

एकदा हिवाळ्यात एक वाटसरू त्यांच्या दारात आला. म्हणाला, "बाबा, तुमची कीर्ती ऐकून आलोय. चार दिवस पायाशी बसू द्या." तो सुभानाचे पाय चेपायचा आणि कान देऊन ऐकायचा. म्हाताऱ्याला ऐकणारं माणूस मिळालं. कुठल्या गावात कुठं पाणी लागलं, त्या गावचा पाटील काय म्हणाला, आपल्या आईचं नाव काय, लहानपणी कुठल्या ओढ्यात बुडता बुडता वाचलो, सगळं सगळं तो सांगत गेला.

एका सकाळी वाटसरू नाहीसा झाला. त्याच्याबरोबर सुभानाची पितळी मुठीची काठी आणि तांबडा पटकाही गेला.

"काठीच गेली ना? दुसरी करू," राणू म्हणाला, आणि बैल सोडायला गेला.

हिवाळा सरला. येसू बाजाराला गेली असताना कासारणीनं तिचा हात धरून बांगड्या चढवता चढवता विचारलं, "काय गं, तुझा सासरा निंबगावात येऊन गेला म्हणे. जागा दाखवली, शेळ्या घेतल्या, पोत्यानं ज्वारी घेतली आणि गेला. तिथं तर पाण्याचा टिपूस लागला नाही. असं कसं केलं बाई त्यांनी?"

येसू थबकली. "मामंजी? ते तर अंगणाबाहेर पडले नाहीत कधीचे."

"मग कोण आलं होतं? तांबडा पटका होता, पितळी मुठीची काठी होती. आपल्या आईचं नावसुद्धा सांगितलं त्यानं."

येसूला सगळं कळलं. ती तशीच घरी आली आणि नवऱ्याला सांगितलं. राणूचा चेहरा उतरला. मग तो बापावरच चिडला.

"कुणी सांगितलं होतं एवढं बोलायला? दारात येईल त्याच्यापुढं मन मोकळं करायचं! आता भोगा."

सुभाना ओसरीच्या कोपऱ्यात सरकला. त्यानं मान खाली घातली.

"आपण निंबगावाला कळवू या," येसू म्हणाली. "ठाण्यावर सांगू या."

"कुणाला काही सांगायचं नाही," राणू म्हणाला. "लोक हसतील. म्हणतील, एवढा मोठा पाणाड्या आणि एका भामट्यानं बनवला. घरातली गोष्ट घरात राहू दे. तो भटक्या आज आहे, उद्या दुसऱ्या मुलखात जाईल."

येसूला हे पटलं नाही. पण लाज तिलाही वाटतच होती. ती गप्प बसली.

लाज झाकली की नाहीशी होत नाही, नुसती वाढते. उन्हाळा चढला तसा एका दुपारी करंजखेडची माणसं त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. हातात काठ्या होत्या. सगळ्यांत पुढं गावचा पाटील होता आणि त्याच्या मागं एक म्हातारी.

"कुठाय तो सुभाना?" पाटील ओरडला. "म्हणे, भुसभुशीत मातीत पाणी वर असतं, खणा बिनधास्त! अर्ध्यावर खणलं तोच दरड कोसळली. या म्हातारीचा मुलगा खाली सापडला. जीव वाचला, पण पाय गेला त्याचा!"

सुभाना ओसरीवर बसला होता. तो भिंतीला धरून उठला. माणसांकडं बघत राहिला, काठ्यांकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मी गेलो होतो का रे तिकडं? गेलोही असेन. मी म्हातारा झालोय. मला आजकाल आठवत नाही."

काठी गेली, पटका गेला, नाव गेलं, इथवर येसूनं सोसलं होतं. आता मामंजींचा स्वतःवरचा भरवसाही चालला होता. इतके दिवस घरात कुणी त्यांच्याशी धड बोललंच नव्हतं. आपण चुकलो, आपण चुकलो, एवढंच त्यांनी मनात घोळवलं होतं. त्याचं हे फळ.

ती पुढं झाली. "नाही मामंजी. तुम्ही कुठंही गेला नव्हता. मी रोज तुम्हाला याच ओसरीवर भाकरी वाढली आहे." मग ती पाहुण्यांकडं वळली. "तुमच्या गावात आलेला माणूस तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय. याही माणसाला नीट बघा आणि मग काठी उचला."

पाटील गोंधळला. त्यानं त्या माणसाचा पटका पाहिला होता, काठी पाहिली होती, गोष्टी ऐकल्या होत्या. चेहरा काही त्याच्या ध्यानात राहिला नव्हता. पण म्हातारी पुढं आली. तिनं सुभानाचं तोंड बघितलं, मग वाकून पाय बघितले. टाचांना भेगा पडल्या होत्या आणि त्यांचा रंग मातीसारखा झाला होता.

"हा तो नव्हे," ती म्हणाली. "त्याच्या पायांत करकरणाऱ्या वहाणा होत्या. हा माणूस जन्मभर अनवाणी चाललाय."

काठ्या खाली आल्या. माणसं पाणी पिऊन निघून गेली. राणूनं सुटकेचा निःश्वास टाकला. "झालं एकदाचं. मिटलं."

"मिटलं कुठं?" येसू म्हणाली. "एका गावाला कळलं. बाकीच्या मुलखाचं काय? उद्या दुसऱ्या कुणाचा पाय जाईल."

गावात एक म्हातारा जागल्या होता. जन्मभर त्यानं रात्री गस्त घालून चोर धरले होते. येसू राणूला घेऊन त्याच्याकडं गेली आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं.

राणू म्हणाला, "बाबा, तो भामटा कुठं सापडेल तेवढं सांगा. तंगडी मोडून आणतो त्याची."

जागल्या हसला. "घरात चोर शिरून किल्ली घेऊन पळाला, तर तू आधी चोरामागं धावतोस की कुलूप बदलतोस?"

"कुलूप बदलतो."

"मग तसंच कर. त्यानं सुभानाचं नाव नेलंय. त्या नावानं जी जी दारं उघडतात, ती आधी बंद कर. आज आपल्याच गावात दवंडी दे. उद्या बाजारात दे, डोंगरवाटेच्या नाक्यावर दे, सगळ्या धर्मशाळांत सांग. मग ठाण्यावर जाऊन फिर्याद दे. फिर्याद नसली तर उद्या त्याचा गुन्हा तुमच्याच माथी येईल. आणि एक कर." त्यानं राणूकडं बोट केलं. "म्हाताऱ्याला बोल लावू नकोस. ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच घरचे चोरासारखं वागवायला लागले, तर त्यानं जायचं कुठं?"

राणूनं मान खाली घातली. घरी आल्यावर तो बापाच्या शेजारी बसला. "आबा, मी वेडंवाकडं बोललो," एवढंच म्हणाला. सुभानानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दवंडी झाली. काही लोक हसले, नाही असं नाही. पण हसणाऱ्यांपेक्षा "बरं झालं सांगितलंत" म्हणणारेच जास्त निघाले. मग सगळे ठाण्यावर गेले. तिथं निराळाच पेच पडला.

ठाणेदार म्हणाला, "एक सुभाना गावोगाव फिरतोय. एक सुभाना माझ्यापुढं उभा आहे. खरा कोणता, हे मी कशावरून ठरवू?"

सुभाना झटकन मागं वळला. "चल येसू, घरी चल. या वयात मी मीच आहे हे चारचौघांत शाबीत करत बसू? त्यापेक्षा नाव गेलेलं बरं."

येसूनं त्याची वाट अडवली. "मामंजी, तुम्ही एकट्यानं शाबीत करायचं नाहीच. आम्ही करू. तुम्ही फक्त उभे राहा."

ती गावोगाव फिरली. सुभानाच्या विहिरींचं पाणी जी माणसं पीत होती, त्यांना तिनं हात जोडले. ठरल्या दिवशी ठाण्यापुढच्या पिंपळाखाली माणसं जमली. कुणी म्हणालं, "आमच्या विहिरीची जागा यांनी दाखवली, तेव्हा मी कुदळ धरून शेजारी उभा होतो." कुणी म्हणालं, "पाणी लागलं तेव्हा यांना पहिली भाकरी माझ्या सासूनं वाढली." करंजखेडची म्हातारीही आली होती. ती म्हणाली, "माझ्या लेकाचा पाय ज्यानं नेला तो हा नव्हे, हे मी देवाशपथ सांगते."

ठाणेदारानं फिर्याद लिहून घेतली. मुलूखभर हुकूम गेला की पाणी लागण्याआधी जो काही मागेल, तो सुभाना नव्हे. आणि सुभानाबरोबर त्याच्या घरचं माणूस नसेल, तर त्याला बसवून ठेवा आणि ठाण्यावर कळवा.

भामट्याला या हुकमाचा पत्ता नव्हता. तो एका आडगावात गेला, ओट्यावर ऐटीत बसला आणि म्हणाला, "आधी शेळ्या आणा, मग जागा दाखवतो."

गावची पाटलीण म्हणाली, "आणते हो. तोवर आत बसून दूध घ्या. तुमच्या घरचं कोण आलंय बरोबर?"

"मी एकटाच फिरतो."

"असं का," पाटलीण म्हणाली आणि तो आत जाताच तिनं बाहेरून कडी घातली.

काठी परत आली, पटका परत आला. शेळ्या आणि ज्वारी भामट्यानं केव्हाच फस्त केली होती. राजानं शिक्षा दिली ती अशी, की ज्या ज्या गावाला त्यानं फसवलं, त्या त्या गावची विहीर त्यानं खणावी, आणि पाणी लागेपर्यंत खणावी.

जागा दाखवायला मात्र खरा सुभाना लागणार होता. गुडघे दुखत होते, तरी तो गेला. राणूनं बैलगाडी जुंपली, येसू बरोबर बसली. निंबगाव काही पुन्हा विश्वास ठेवायला तयार झालं नाही. तिथल्या लोकांनी गाडी वेशीवरूनच परत पाठवली. एकदा पोळलेलं तोंड ताकही फुंकून पितं. सुभानाला वाईट वाटलं, पण त्यानं राणूला गाडी पुढं घ्यायला सांगितली.

करंजखेडनं मात्र त्याला बोलावलं. सुभाना गाडीतून उतरून माळावर चालत राहिला, थांबला, म्हणाला, "इथं खणा." भामटा खणत गेला आणि अखेर ओली माती लागली, मग झरा फुटला. बायकांनी घागरी आणल्या. सुभानानं त्या गावची पहिली भाकरी त्या म्हातारीच्या हातून घेतली.

तिचा मुलगा कुबडीवर रेलून काठाशी उभा होता. त्यानं येसूला विचारलं, "बाई, तो भामटा असा फिरतोय हे तुम्हाला कधी कळलं?"

येसूला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "तुमच्या गावात तो यायच्या आधी. आम्ही लाजेनं गप्प बसलो."

तो रागावला नाही, ओरडला नाही.

"तेव्हा सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर आज मीच खाली उतरून खणलं असतं."

येसूनं त्याची घागर भरली, डोक्यावर घेतली आणि त्याच्या कुबडीच्या चालीनं, सावकाश, त्याच्या घरापर्यंत पोचवली.

पुढं त्या मुलखात रीतच पडली. कुणाचं नाव कुणी चोरलं की त्याच्या घरच्यांनी त्याच दिवशी, स्वतःच्या तोंडानं, दवंडी द्यायची. दवंडी ऐकून हसणाऱ्याला गाव खडसावायचं.

बोध: नाव चोरणाऱ्याला पहिला थारा देतं ते लाजेनं गप्प बसलेलं घर, म्हणून घरच्या माणसाचं नाव चोरीला गेलं तर त्याला बोल लावू नका, त्याच्या बाजूला उभं राहा आणि लगेच सगळ्यांना सांगा.