पिकू दिलेला टोमॅटो

तुमच्या-माझ्या पणजोबांचाही जन्म झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथे घरोघरी टोमॅटो लावत. हंगामातला पहिला टोमॅटो जो चावडीवर आणेल, त्याच्या बागेला वर्षभर पाटाचं पाणी सगळ्यांच्या आधी घेण्याचा मान मिळे, अशी तिथली प्रथा होती.

प्रथा चांगलीच होती, पण शेवटी माणसंच ती. एका वर्षी कुणी जरा कच्चा तोडून आणला, तर पुढच्या वर्षी दुसऱ्याने त्याहून कच्चा आणला. होता होता गोटीएवढे हिरवे टोमॅटो चावडीवर येऊ लागले. पाटील पहिला आलेला टोमॅटो चावत, तोंड वाकडं करत आणि "छान आहे" म्हणत. मान गेला की बाकीचेही आपली कच्ची फळं तोडून लोणच्यात घालत. पिकल्या टोमॅटोची चव गाव पार विसरून गेलं होतं.

पाटाच्या अगदी शेवटी एका म्हाताऱ्या जोडप्याची बाग होती. तिथवर पाणी पोचायचं ते नावापुरतं. आजी-आजोबा विहिरीवरून घागरी वाहून रोपं जगवत. आता दोघांचीही कंबर बोलू लागली होती. यंदा मान मिळाला नाही तर बाग सोडून द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

आणि नेमकं त्यांच्याच रोपाला सगळ्यांत आधी फळ धरलं.

"अगं, तोड ते आता. कुणीतरी आपल्या आधी जाईल," आजोबा म्हणाले.

"अहो, पिकू तरी द्या. कच्चंच न्यायचं होतं तर एवढ्या घागरी कशाला वाहिल्या?"

आजोबा धुसफुसले, पण फळाला हात लावायची त्यांची छाती झाली नाही.

व्हायचं तेच झालं. शेजारचा मळेकरी हिरवी गोटी घेऊन गेला आणि मान घेऊन आला. आजोबा डोकं धरून बांधावर बसले. आजींनाही रडू आलं, खोटं कशाला सांगू? पण डोळे पुसून त्या घागर घेऊन पुन्हा विहिरीवर गेल्या.

फळ फिकट झालं, मग केशरी, आणि एका दुपारी लालबुंद. आजींनी खाली तळहात धरला, जरासा पीळ दिला आणि टोमॅटो अलगद हातात आला. उन्हाने कोमट झालेला, चांगला वजनदार. आजींना इतका आनंद झाला, की पदर खोचून त्या तडक चावडीवर निघाल्या. आजोबा मागून धावले.

"आजी, मान कधीच गेला," लोक हसून म्हणाले.

"मान कुणी मागितलाय? माझा टोमॅटो पिकलाय, तो बघा."

असं म्हणून पहिला घास त्यांनी स्वतःच घेतला. रस कोपरापर्यंत ओघळला. दुसरा घास आजोबांना दिला आणि उरलेला पाटलांना व मळेकऱ्याला वाटून टाकला.

पाटील डोळे मिटून कितीतरी वेळ चघळत राहिले. "इतकी वर्षं मी खोटंच छान म्हणत होतो," ते म्हणाले. "मान पिकवणाऱ्याचा. आजी, पाणी तुमचं."

सगळ्यांनी मळेकऱ्याकडे पाहिलं. त्याने बोटं चाटली, फावडं उचललं आणि स्वतः जाऊन पाट आजींच्या बागेकडे वळवला. पुढच्या हंगामात चावडीवर एकही हिरवा टोमॅटो आला नाही.

तात्पर्य: पहिलं येण्याची घाई ज्याला आवरता येते, त्यालाच पिकल्या फळाची गोडी कळते.