सगुणाबाईंची तहान

एकदा एक कापडाचे व्यापारी, त्र्यंबकशेठ, आईच्या काळजीनं वृद्ध आचार्यांकडे आले. "आईनं पाणी पिणंच सोडलंय," ते म्हणाले. "चक्कर येते, लघवीला जळजळ होते, तरी वैद्यांचं ऐकत नाही. तुमचा शब्द मात्र ती मोडणार नाही."

आचार्य आपल्या शिष्याला, निळकंठाला, घेऊन त्यांच्या घरी गेले. सुनेनं हात देऊन सगुणाबाईंना पलंगावर बसवलं.

"तहानच लागत नाही, महाराज," त्या म्हणाल्या. ओठ मात्र सुकून पांढरे पडले होते.

आता आचार्य चार शब्द समजुतीचे सांगतील, असं निळकंठाला वाटलं. पण ते शेठजींकडे वळले. "तुमचं न्हाणीघर कुठं आहे?"

आत गुळगुळीत संगमरवर होता. एका कडेला शौचकूप. आचार्य तिथं बसले, आणि उठता येईना तेव्हा त्यांनी निळकंठाला हाक मारली. बाहेर येऊन म्हणाले, "शेठ, गवंडी आणि सुतार बोलवा."

निळकंठ ओशाळला. आजारी माणूस सोडून हे काय भलतंच? परतताना त्याला राहवलं नाही. "गुरुजी, तुम्ही त्यांना पाणी प्या असं एकदाही म्हणाला नाहीत."

"म्हणालो असतो, तर त्यांची धास्ती वाढली असती," आचार्य म्हणाले. "मला उठायला तुझा हात लागला. त्यांना दर वेळी सुनेचा लागतो. उभा संसार ओढलेल्या बाईला त्यासाठी हाक मारताना किती संकोच होत असेल! एकटं जावं, तर पडायची भीती. तिथं जायची वेळच येऊ नये, म्हणून त्या तहान मारतात."



काही दिवसांनी शेठजींनी दोघांना आग्रहानं बोलावलं. भिंतीला धरायला भक्कम दांडा बसला होता, फरशी छिन्नीनं टोचून खरखरीत केली होती, उंबरा काढला होता, अंघोळीला बसायला ओटा बांधला होता. सगुणाबाईंनी सर्वांदेखत पेलाभर ताक संपवलं आणि "अजून घाल गं" म्हणून पेला पुढं केला.

थोड्या वेळानं त्या उठल्या. सवयीनं सूनही लगबगीनं मागं निघाली. दार लागलं, आणि आतून आवाज आला, "बाहेर उभी राहू नकोस गं. माझी मी येते."

सून पदर तोंडाला लावून हसत स्वयंपाकघरात गेली. शेठजींनी मोठा सुस्कारा सोडला आणि कितीतरी दिवसांनी भिंतीला पाठ टेकून निवांत बसले.