चार टाक्या आणि एक पोतं गुलाल

पिंपळसोंड गावात गेनू नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे किती? बायकोनं "दुधाकडं बघा" म्हटलं, तर दूध उतू जाईपर्यंत टक लावून बघायचा आणि वर सांगायचा, "सगळं बघितलं बरं का."

ग्रामपंचायतीत शिपायाची जागा रिकामी झाली. शिपायाची खाकी टोपी ऑफिसात खुंटीवर लटकत होती, आणि गेनूचा जीव त्या टोपीत अडकला होता. ग्रामसेवकांनी, म्हणजे गावाच्या भाऊसाहेबांनी, त्याला बोलावलं.

"गावात यंदा चार नवी घरं झाली. प्रत्येक घराच्या संडासाला सेप्टिक टाकी आहे का, आणि ती वापरात आहे का, एवढं या तक्त्यात भरून आण. शुक्रवारी तालुक्याची स्वच्छता समिती येतेय. चारही घरं झाली की टोपी तुझी."

निघताना बायको ठकूनं बजावलं, "सोताचं डोकं चालवू नगा. भाऊसाहेब सांगतील तेवढंच करा."

डोकं न चालवणं गेनूला जड नव्हतं.

भाऊसाहेबांनी सांगितलं होतं, "लोक थापा मारतात. झाकण उघडून डोळ्यांनी बघायचं." पहिलं घर हणमंत पाटोळ्याचं. तिथं वास्तुशांत चालली होती. टाकीवर सतरंजी होती आणि सतरंजीवर पंगत. बुंदी नुकतीच वाढून झाली होती.

"जरा उठा पाव्हणं," गेनू म्हणाला. पाहुण्यांना वाटलं, काहीतरी विधी असेल. ते उठले. गेनूनं पहार घातली आणि झाकण उचललं. हणमंताची बुंदी दुसऱ्या दिवशीही तशीच शिल्लक होती. गेनूनं तक्त्यात लिहिलं, 'टाकी आहे. वापरात आहे. वास आहे.'

भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, माणसं जेवत असली की टाकीचं नावसुद्धा काढायचं नाही! त्यांची जेवणं होऊ द्यायची, हात धुऊ द्यायचे, मग काय ते बोलायचं."

"बरं, भाऊसाहेब."

दुसरं घर सिंधूकाकूंचं. घरातली सगळी नुकतीच पानावर बसली होती. मागच्या टाकीचं झाकण अर्धं फुटलेलं, आणि गेनूच्या डोळ्यांदेखत काकूंची शेळी आत गेली. गेनू दारात येऊन उभा राहिला. भाकरी झाली, भात झाला, ताक झालं. काकूंनी "काय रं गेनू?" म्हणून दोनदा विचारलं, पण गेनू बोलला नाही. सगळ्यांनी हात धुतले, काकूंनी पान लावलं, तेव्हा तो म्हणाला, "काकू, तुमची शेळी टाकीत हाय. मघाधरनं."

शेळी वाचली, पण आठवडाभर तिला कुणी जवळ घेईना. गेनूनं लिहिलं, 'वापरात आहे. शेळीसुद्धा वापरते.'

"अरे गाढवा," भाऊसाहेब ओरडले, "टाकीत कुणी दिसलं की बोंब मारायची, धरून वर ओढायचं आणि अंगावर पाणी ओतायचं!"

"बरं, भाऊसाहेब."

तिसऱ्या घरची टाकी नवीकोरी होती. दगडू गवंडी आत उतरून गिलावा करत होता. गेनूनं अशी बोंब मारली की निम्मी गल्ली गोळा झाली. त्यानं दगडूला बखोटीला धरून वर काढलं आणि टाकीच्या तोंडाशीच त्याच्यावर सात बादल्या ओतल्या.

"आरं, मी पडलो न्हाई! काम करतोय!"

"असू दे," म्हणत गेनूनं आठवी ओतली. ओला गिलावा टाकीच्या तळाला गेला. तक्त्यात नोंद झाली, 'वापरात आहे. गवंडी वापरतो.'

शुक्रवार उजाडला. समिती यायला दोन तास होते आणि भाऊसाहेब शाळेत मांडव घालत होते. स्वच्छ गावाचं बक्षीस मिळणारच, म्हणून सरपंचांनी मिरवणुकीसाठी पोतंभर गुलाल आधीच आणून ठेवला होता.

"एक घर ऱ्हायलंय, भाऊसाहेब."

कुठलं, हे विचारायला भाऊसाहेबांना सवड नव्हती. "आता कुणाच्या पंगतीत झाकण उघडू नकोस, कुणाला ओढू नकोस! संडासाच्या भांड्यात गुलाल टाक, पाणी सोड, आणि टाकीत निघतो का बघ."

"आन टाकीत न्हाई निघाला तर?"

"तर निघेल तिथवर माग काढ!"

"गुलाल किती टाकू?"

"टाक सगळं पोतं!" भाऊसाहेब वैतागून म्हणाले.

"बरं, भाऊसाहेब."

राहिलेलं घर सरपंचांचं होतं. दोन मजली, दारात सिंह, आणि संडासाला गुलाबी फरशी. गेनूनं पोतं रिकामं केलं, वीस बादल्या पाणी ओतलं आणि मागं गेला. तिथं टाकी नव्हती. एक जाडजूड पाइप कुंपणाखालून ओढ्यात गेला होता. गेनू गुलालामागं निघाला. ओढा गावच्या विहिरीला लागून होता आणि त्याचं पाणी विहिरीत उतरत होतं. विहिरीचं पाणी लाल झालं. विहिरीवर मोटर चालू होती आणि तिचा पाइप थेट शाळेत गेला होता.

गेनू धापा टाकत मांडवात पोचला. समिती जेवायला बसली होती. तालुक्याच्या मॅडमनी पेला उचलला.

"अरे वा, गुलाबपाणी?"

सरपंचांना काहीच ठाऊक नव्हतं, पण आलेलं कौतुक परत करणाऱ्यांतले ते नव्हते. "पाव्हण्यांना आम्ही असंच देतो," ते म्हणाले. स्वतः दोन पेले घटाघटा प्यायले आणि मॅडमना तिसरा आग्रहानं भरून दिला.

गेनूनं बोलायला तोंड उघडलं आणि त्याला धडा आठवला. माणसं जेवत होती. तो हात बांधून उभा राहिला. पुरणपोळी झाली, मसालेभात झाला, आणखी दोन कळशा गुलाबपाणी झालं. मॅडमनी हात धुतले, रुमालाला पुसले, आणि "तुमच्या गावाचं बक्षीस नक्की" असं सांगून टाकलं.

मग गेनू तक्ता घेऊन पुढं झाला.

"भाऊसाहेब, गुलालाचा माग लागला. ह्या पेल्यात निघाला. चौथ्या घरापुढं काय लिहू तेवढं सांगा, म्हंजे टोपी घिऊन घरी जातो. सरपंचांच्या घरी टाकी न्हाई, पर वापर मातुर समदं गाव करतंय."