वेशीवरच्या घंटा

जगातला सगळा व्यापार उंटांच्या पाठीवरून चालायचा, त्या काळची ही गोष्ट. एका खिंडीत एक नगर होते. त्याच्या वेशीवर एक द्वारपाल होता. आजोबांपासून चालत आलेले काम, त्यामुळे गडी मोठ्या तोऱ्यात असायचा.

त्या नगराची एक रीत होती. नगर सोडून जाणाऱ्याने वेशीच्या कमानीला एक घंटा बांधायची. वर्षाच्या पहिल्या दिवशी राजा डोंगरावरच्या वाड्यातून खाली उतरायचा, कमानीखाली उभा राहून वाऱ्यावर वाजणाऱ्या घंटा ऐकायचा. आवाज मोठा, म्हणजे तांडे खूप आले, तर नवी धर्मशाळा बांधायची. आवाज बारीक असेल तर तलाव खोदायचा आणि शेते पिकवायची, कारण नगराचे धान्यही उंटांवरूनच येई. मग घंटा उतरवून कोठारात ठेवायच्या, ते काम द्वारपालाचे.

एका वर्षी एका म्हाताऱ्या तांडेवाल्याने घंटा बांधता बांधता सांगितले, "बाबा रे, ही आमची शेवटची. समुद्रातून वाट सापडलीय. आमच्या तीनशे उंटांचा माल एका जहाजात मावतो."

वर्ष सरले तेव्हा कमानीवर जेमतेम चाळीस घंटा होत्या. एरवी तीनशेच्या खाली कधी येत नसत. द्वारपालाने घरी जाऊन बायकोला सांगितले.

बायको म्हणाली, "अहो, जे आहे ते राजाला ऐकू द्या."

"अगं, माझ्या हातून वेस ओस पडली म्हणतील सगळे! एका वर्षाचा तर प्रश्न आहे. पुढच्या वर्षी येतील तांडे."

त्या दुपारी गाव जेवून आडवे झाले, तेव्हा त्याने कोठारातल्या जुन्या घंटा काढून कमानीला बांधल्या.

राजा खूश झाला. धर्मशाळा उठली. पुढच्या वर्षी खऱ्या घंटा बारा होत्या, त्याच्या पुढच्या वर्षी दोन. दर वर्षी कमान मात्र भरलेली, आणि दर वर्षी एक नवी रिकामी धर्मशाळा. बाजारात माशा मारत बसलेले दुकानदार म्हणायचे, "घंटा तर वाजतायत. आपलंच नशीब फुटकं!"

चौथ्या वर्षी धान्य संपले. राजा अवेळीच वेशीवर आला. द्वारपालाने पाय धरून सगळे सांगून टाकले.

राजा रागावला नाही. त्याने एवढेच विचारले, "पहिल्या वर्षी किती होत्या?"

"चाळीस, महाराज."

"चाळीस ऐकल्या असत्या, तर आज तलाव भरलेला असता."

तलाव खोदायला तीन वर्षे लागतात आणि भूक तीन दिवसही थांबत नाही. लोक निघाले. जाताना कोणी रीत मोडली नाही. कोणी बैलाच्या गळ्यातली घंटा बांधली, कोणी देवघरातली. सर्वांत शेवटी द्वारपालाच्या बायकोने आपल्या गाईची बांधली आणि मागे न बघता चालू लागली.

वर्षाच्या पहिल्या दिवशी वारा सुटला. कमान कधी वाजली नव्हती इतकी वाजली. या वेळी तिच्यावर एकही घंटा खोटी नव्हती. ऐकायला राजा होता, आणि द्वारपाल.

तात्पर्य: काळ वळण घेतो तेव्हा पहिला आवाज बारीकच येतो. भीतीपोटी तो झाकला, तर पुढचा आवाज झाकता येत नाही.