त्राटिकेची चिंधी

ही हकिगत खरी आहे, हातावर निखारा ठेवून सांगतो. माझ्या आज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे आजा तेव्हा जन्मला नव्हता, पण पाहिली त्यानेच.

आमच्या करंजखोपचा बोहाडा पाहायला तुम्ही आलात, साहेब. देवांची नि राक्षसांची सोंगं नाचतात, तो हा उत्सव. सरकारी अनुदानाचे कागदही आणलेत, चांगलं केलंत. पण दारोदार वापरलेल्या कापडाच्या चिंध्या गोळा करणारी माणसं पाहून तुम्ही हसलात, म्हणून सांगतो.

पूर्वी सोंगांचा सगळा भार गावावर असे. घरटी सूपभर नागली आणि एक चिंधी. त्या नाचणीच्या भाकरीवर नाचणारे जेवत. चिंध्या चिंचोक्याच्या खळीत भिजवून मुखवट्यांवर नवा थर चढे. मुखवटे सांभाळी रावजी भोये. एका साली लखमा पाटलाने हे बंद केलं. पीक बरं होतं म्हणे, तरी बंद केलं. ज्याला नाचायची हौस त्याने आपल्या घरचं खाऊन नाचावं, गावाने का पोसावं, असं तो पारावर बोलला. थर चढला नाही तर मुखवटा उपाशी राहतो, असं रावजीने सांगून पाहिलं. पाटील म्हणाला, "मग त्याला भाकर चार."

बोहाड्याच्या दिवशी, उन्हं कलताना, पाटलाच्या एकुलत्या मुलाने, धर्माने, थट्टेने त्राटिका राक्षशिणीचा मुखवटा तोंडावर चढवला. लग्न ठरलेला, अंगाने दणकट गडी. दोन पावलं नाचला, लोक हसले. मग तो दोन्ही हातांनी मुखवटा ओढू लागला. लोक आणखी हसले. त्यांना ते सोंगच वाटलं. आतून "आबा, आबा" अशी हाक आली तेव्हा हसणं थांबलं.

दोरी कापली तरी मुखवटा हलेना. सुरीचं टोक कडेला घातलं तर रंगाखालून रक्त आलं, असं सांगतात. त्राटिकेचं तोंड नुसतं रंगवलेलं, बंद. पाणी आत जायला वाट नाही. नाकाच्या दोन भोकांतून श्वास ऐकू येई, आणि तो घटकेघटकेला बारीक होत होता.

रावजी म्हणाला, "आता याला गावच्या चिंध्या पाहिजेत. एकही घर सुटता कामा नये."

पाटील रात्रभर दारोदार फिरला. बायकांनी नेसूचं फाडून दिलं. एकेक ओली चिंधी मुखवट्यावर बसली की कड गव्हाएवढी सुटे. अख्खं गाव संपलं, तरी हनुवटीपाशी मुखवटा चिकटलेलाच. एक घर राहिलं होतं, ओढ्यापलीकडच्या येसूचं. चेटकीण ठरवून पाटलानेच तिला गावाबाहेर काढलं होतं. तिची नागली कधी घेतली नाही, बोहाड्याला तिला उभं केलं नाही. तिच्या दारात आपण कसं जायचं, दुसऱ्या कोणाला पाठवू, या विचारात पाटलाने अर्धा दिवस घालवला. जायला कोणी तयार होईना. शेवटी तोच गेला.

येसू भात कांडत होती. हात थांबवला नाही. "माझं घर गावात कधी मोजलंस, पाटील?"

"आज मोजतो."

"आज तुला गरज आहे." मग तिने मुसळ ठेवलं आणि अंगावरच्या एकुलत्या एक लुगड्याचा काठ फाडला. "घे. पोराने माझं काही केलं नाही. पण आधीच यायचं होतंस."

पाटील धावत आला. ती चिंधी बसली आणि मुखवटा सुटला. धर्माने डोळे उघडले, पाणी मागितलं.

आजही चिंध्यांची फेरी ओढ्यापलीकडून सुरू होते. आजही कोणा एकाच्या कापडाने थर चढवत नाहीत, मग तो पाटील असो की सरकार. तुमचं अनुदान घेऊ, साहेब. नाचणाऱ्यांच्या जेवणाला ते लागेलच. पण घरोघर जाणं त्याने चुकत नाही.

आता कबूल करतो, यातलं थोडं माझ्या पदरचं आहे. सुरीला लागलेलं रक्त माझं नाही. येसूची चिंधी खरी, वाया गेलेला अर्धा दिवसही खरा. मुखवटा सुटला, तेही खरं. धर्माने डोळे उघडून पाणी मागितलं, एवढंच मी घातलंय.