नाकावरचा चुना

"महाराजांच्या हाती चोराची चिठ्ठी कधी येत नाही. का, ते विचारायचं नाही!"

तळेगडच्या राजवाड्याची पायरी चढता चढता सुभानजी तांबोळी आपल्या लेकीला, येसूला, बजावत होता.

"पण आली तर?" येसूने विचारलंच.

"येत नाही म्हटलं ना!"

"मग काल तुमच्या नाकाला चुना कसा लागला, बाबा?"

सुभानजीचा हात नाकाकडे गेला. नाक अजून चुरचुरत होतं.

झालं होतं असं. गंभीररावमहाराज नावाचेच गंभीर. चिठ्ठ्यांच्या खेळाचं त्यांना भलतं वेड! राजा, प्रधान, शिपाई आणि चोर अशा चार चिठ्ठ्या टाकायच्या. राजा आणि शिपाई यांनी आपली चिठ्ठी उघडून दाखवायची. उरलेल्या दोघांतला चोर कोण, ते शिपायाने ओळखायचं. ओळखला तर चोराच्या नाकाला चुना, चुकला तर शिपायाच्या!

महाराजांना चोर व्हायला फार आवडायचं. चोराच्या चिठ्ठीला काताचा डाग पडलेला होता, ती ते नेमकी उचलायचे. आणि मग त्यांचं सोंग असं काही उघडं पडायचं की पाळण्यातल्या पोरालाही कळावं. मिशीला पीळ, ओठांवर शीळ आणि शेजारच्याच्या तब्येतीची चौकशी! पण बोलणार कोण? राजाला चोर म्हणेल तो हद्दपार, हा तळेगडचा जुना कायदा. म्हणून दरबारी मंडळी मुकाट्याने दुसऱ्याकडे बोट दाखवायची आणि आपल्या नाकाला चुना लावून घ्यायची. महाराज खूश! "मला पकडणारा अजून जन्मायचाय!"

सुभानजीचं पानाचं दुकान राजवाड्याच्या दारातल्या देवडीवर. काल विडे घेऊन गेलेल्या सुभानजीला त्यांनी खेळायला बसवलं. तोही चुकला, म्हणजे मुद्दाम चुकला. तेव्हा महाराज गरजले, "समोरचा चोर ज्याला ओळखता येत नाही, असा माणूस माझ्या देवडीवर? उचल दुकान! नाहीतर उद्या घरातलं कुणी हुशार असेल तर घेऊन ये. चोर पकडला तर दुकान राहील!"

खरं बोलावं तर गाव सुटतं, खोटं बोलावं तर दुकान. येसू रात्रभर विचार करत होती आणि सकाळी पानदान काखोटीला मारून निघाली होती.

"ही खेळणार? ही चिमुरडी?" महाराज मोठ्याने हसले. "बस. शिपायाची चिठ्ठी तुझी. बाकीच्या आम्ही उचलतो."

चिठ्ठ्या पडल्या. महाराजांनी डागाची झटकन उचलली. दुसरी वृद्ध प्रधान त्र्यंबकपंतांनी घेतली, तिसरी सेनापती हैबतरावांनी. हैबतरावांनी आपली उघडून दाखवली. राजा!

महाराजांनी मिशीला पीळ दिला. शीळ घातली. "काय पंत, गुडघे काय म्हणतात?"

येसूला हसू आवरेना.

"पोरी," पंत कानाशी पुटपुटले, "माझं नाव घे आणि मोकळी हो. आम्ही सगळे असंच करतो."

"का?"

"का म्हणजे? मोठ्यांनी सांगितलं म्हणून!"

येसू ताडकन उभी राहिली आणि तिने बोट रोखलं. "चोर हे! गंभीररावमहाराज!"

पंतांनी डोळे मिटले.

"राजाला चोर म्हणतेस?" महाराज कडाडले. "हद्दपार!"

"राजाला कुठे म्हटलं, महाराज? या डावाचे राजे हैबतकाका. त्यांना मी काही म्हणाले का?"

"राजा मी आहे! सगळ्या डावांत मीच!"

"मग तुमच्या चिठ्ठीत राजाच असेल. उघडा! राजा निघाला तर मी आत्ता गड सोडते. पण चोर निघाला, तर या डावात तुम्ही राजा नाही. मग मी कायदा मोडला कसा?"

महाराजांनी मूठ घट्ट केली. चिठ्ठी उघडावी तर चोर ठरतो, न उघडावी तर भित्रा! शेवटी त्यांनी ती उघडून हळूच चौरंगावर टाकली. चोर! काताच्या डागासकट.

"पण इतकी वर्षं मला कुणीच पकडलं नव्हतं गं!" त्यांचा चेहरा पडला.

"पकडलं सगळ्यांनी, महाराज. सांगितलं कुणी नाही."

महाराजांनी दरबारावर नजर फिरवली. हैबतरावांच्या नाकाचं साल निघालं होतं. फडणिसांचं नाक लालबुंद. पंतांनी घाईघाईने उपरण्याने नाक झाकलं.

"पंत, तुम्हालासुद्धा कळत होतं?"

"शीळ वाजली की, महाराज," पंत उपरण्याआडून म्हणाले.

महाराज असे हसत सुटले की पगडी घरंगळली! "म्हणजे एवढी वर्षं मी एकटाच खेळत होतो? आज खरा डाव झाला! सुभानजी, देवडीवरचं दुकान तुझंच, आणि राजमळ्यातली पानवेल या पोरीच्या नावाची!"

येसूने पानदान उघडलं आणि बोटावर चुना घेतला. तशी सगळी वडीलधारी मंडळी धावली.

"अगं, हे काय!"

"जिंकलीस ना? पुरे आता!"

"राजाच्या नाकाला चुना लावायचा नसतो, येसू," सुभानजी हात जोडून म्हणाला.

पंतांनी तर सवयीने आपलंच नाक पुढे केलं. "इथे लाव, बाळ. याला सवय आहे."

"नाही लावणार," येसू म्हणाली. "तुम्ही चोर नाही, पंतकाका. आजपासून ज्याचा चुना त्याच्याच नाकाला."

सगळी वडीलधारी मंडळी दोन पावलं मागे सरकली. हसत होते फक्त महाराज, डोळे मिटून, नाक पुढे काढून.