थोरल्या जाळीची शिंक

एसी नुकतेच छतात जाऊन बसले होते, तेव्हाची ही गोष्ट. एका कचेरीच्या छतात एसीच्या दोन जाळ्या शेजारी राहत. थोरली नक्षीदार, सोळा स्क्रूंनी घट्ट बसवलेली. धाकटी साधी, खटका दाबला की हातात उतरणारी.

"कुणीही यावं नि तुला खाली उतरवावं! शोभतं का?" थोरली नाक मुरडायची.

खंडेनवमीला यंत्रं पुसून पुजायची होती. सफाईवाल्या द्रौपदाबाईंनी धाकटीला उतरवून धुतलं, झेंडू वाहिला. थोरलीचे सोळा स्क्रू पाहून त्या म्हणाल्या, "हिला नुसता हार पुरे!"

हार नाकाला लागताच थोरली जोरात शिंकली. वर्षभराची धूळ थेट साहेबांच्या पेढ्यांवर! सगळ्यांच्या माना वर वळल्या.

थोरली हळूच म्हणाली, "बाई गं, ते खाली उतरायचं कसं, मलाही शिकव ना."